दबावाखालचं खातं

बँकेत खातं उघडण्यात फजिती होण्यासारखं काय असतं, असं तुम्हाला वाटत असेल तर चहा घ्या आणि जरा टेकून बसा. मी एक साधं विद्यार्थी खातं उघडायला गेले आणि त्यापायी राजूरचा अर्धा आठवडे बाजार उठला. वर त्याचा दोष मी दुसऱ्या कुणाला देऊही शकत नाही. पावसाला थोडा देते कधीकधी, पण तो काही बोलायला येत नाही म्हणून.

बारावी झाली होती, अठरा पूर्ण झाली होती आणि पुण्याला विद्यापीठात प्रवेश मिळाला होता. आमच्या घरातून पुण्याला शिकायला निघालेली मी पहिलीच. तिथल्या हॉस्टेलच्या ऑफिसातून निरोप आला की शिष्यवृत्तीसाठी स्वतःच्या नावाचं खातं पाहिजे, आठवड्याच्या आत नंबर कळवा, नाहीतर खोली पुढच्या मुलीला जाईल. शाळेत असताना आईबरोबर काढलेलं एक खातं होतं, पण ते केव्हाच बंद पडलेलं.

झालं. बँक कोणती निवडायची यावर घरात तीन पक्ष पडले.

अण्णा, म्हणजे माझे वडील. राजूरच्या पेठेत त्यांचं शिलाई मशीन दुरुस्तीचं दुकान आहे. त्यांचं म्हणणं, स्टँडजवळच्या सरकारी बँकेतच खातं काढायचं.

"बँकेला दार पायजे," अण्णा म्हणाले. "उद्या भांडायचं झालं तर जायचं कुठं?"

आईचं म्हणणं, जिथं बायकांची रांग वेगळी असते तिथं काढ. आणि किसनमामा, आईचा भाऊ, बाजारात भाजी विकतो, त्याचं म्हणणं पतसंस्थेत काढ, कारण तिथला शिपाई त्याच्या ओळखीचा. बँकेत शिपाई ओळखीचा असला की मॅनेजरचं काही चालत नाही, हा मामाचा सिद्धांत.

आणि मी? मी मोबाईलवर चार दिवस वाचून तज्ज्ञ झाले होते. मी एक अशी बँक शोधली होती की जिला आमच्या तालुक्यात शाखाच नव्हती. सगळं अ‍ॅपवर. शिल्लक शून्य असली तरी चालेल, कार्ड घरपोच, आणि कार्डाचा रंग जांभळा. रंगावर मी निर्णय घेतला असं नाही, पण जांभळा होता खरा.

"खातं कुठं उघडतात मग?" आईने विचारलं.

"व्हिडिओ कॉलवर. बँकेची ताई फोनवर दिसते, आपलं पॅन कार्ड बघते, सही बघते, झालं."

"आन ती तरी खरी हाय का, ते कोन बघतं?" अण्णा म्हणाले.

यावर मी फक्त हसले. शिकलेली मुलं आईवडलांकडे बघून हसतात ना, तसं. ते हसू मला पुढे फार महागात पडलं.

आता अडचण अशी की आमचं घर गावाच्या वरच्या अंगाला, डोंगराला चिकटून. फोन लागतो, पण व्हिडिओ लावला की समोरचा माणूस तोंड उघडलेलं असतानाच गोठतो. खाली पेठेत रेंज चांगली, पण त्या दिवशी नेमका बाजार होता आणि बँकेची अट होती शांत जागेची. राहिलं घरामागचं टेपाड. तिथं चढून गेलं की रेंजही येते आणि शांतताही असते. आषाढाचा पाऊस तेवढा असतो.

आई बाजाराला गेली आणि मी टेपाडावर निघाले. अण्णा छत्री घेऊन मागोमाग आले. माझी बँक त्यांना पसंत नव्हती, पण पोरीनं भिजू नये एवढंच त्यांचं म्हणणं. त्यांचा फोन घरी चार्जिंगला लावलेला होता. हे लक्षात ठेवा, कारण मी ठेवलं नाही.

मी एका खडकावर बसले. अण्णा मागे उभे, छत्री माझ्या डोक्यावर. कॉल लागला. पडद्यावर निळा शर्ट घातलेली, नीट केस बांधलेली एक ताई आली. खरीच होती.

"नमस्कार मॅम. तुम्ही एकट्या आहात ना? व्हेरिफिकेशनच्या वेळी सोबत कोणी नको."

"हो, एकटीच आहे," मी म्हणाले.

"मॅम, तुमच्या डोक्याच्या वर एक हात दिसतोय."

मी वर पाहिलं. छत्रीचा दांडा आणि त्याला धरलेला अण्णांचा केसाळ हात बरोबर चौकटीत आलेला. मी कोपराने अण्णांना ढकललं. हात गेला, छत्री गेली, पाऊस आला.

"तो... छत्रीचा होता," मी म्हणाले.

आता छत्रीला हात असतो का? पण तोंडातून निघून गेलं. ताईने माझ्याकडे जरा वेळ पाहिलं. मग पॅन कार्ड दाखवायला सांगितलं, डोळ्यांची उघडझाप करायला सांगितली, कोऱ्या कागदावर सही करायला सांगितली. पावसाने कागद ओला, पेन चालेना. मी खरडत बसले. मागून अण्णांना राहवेना.

"सही कर पटकन," ते दबक्या आवाजात म्हणाले. "आभाळ भरून आलंय. सही कर आन मोकळी व्हय."

ताईचा चेहरा बदलला. तिने आवाज एकदम हळू केला.

"मॅम, मला एक प्रश्न विचारावाच लागतो. हे खातं तुम्ही कोणाच्या दबावाखाली उघडताय का?"

इथे कुठलाही शहाणा माणूस "नाही" म्हणतो. एका शब्दाचं काम. पण मला चार दिवसांची घरातली भांडणं आठवली आणि वाटलं, ही मुलगी आपल्याच वयाची, हिला कळेल. मला म्हणायचं होतं, दबाव आहे, पण तुमच्याकडे खातं उघडू नये असा आहे. मी तरीही तुमचीच बँक निवडली. कौतुक होईल अशी अपेक्षा होती.

"दबाव तर फार आहे हो," मी सुरुवात केली. "घरात कोणी ऐकूनच घेत नाही. वडील तर आत्तासुद्धा मागे उभे आहेत, आणि मामा..."

तेवढ्यात कॉल तुटला.

ती बिचारी काय समजली असेल ते तुम्हाला कळलंच असेल. मला त्या वेळी कळलं नाही. मी अ‍ॅप पुन्हा उघडलं. ते म्हणालं, रांगेत थांबा, स्क्रीन सोडू नका. अण्णांना मी सांगितलं, "तुम्ही त्या मोठ्या खडकामागं बसा आणि बोलू नका." ते निमूटपणे जाऊन बसले.

थांबले असताना आईचे फोन यायला लागले. फोन घेतला तर रांगेतला नंबर जाणार, म्हणून मी कापला. पुन्हा आला, पुन्हा कापला. मला वाटलं, कोथिंबीर आणू का मेथी, एवढंच विचारत असेल.

खाली बाजारात काय झालं ते मला नंतर समजलं. अर्जात दुसरा नंबर म्हणून मी आईचा दिला होता. ताईने माणुसकीने त्या नंबरवर फोन केला. आई मामाच्या दुकानापाशी उभी. डोक्यावर प्लॅस्टिकचा कागद, त्यावर पाऊस तडतडतोय, शेजारचा भोंग्यावर कांदे विकतोय.

"तुमची मुलगी दबावाखाली आहे," ताई म्हणाली. "ती सुरक्षित आहे का, ते प्लीज बघा."

आईला ऐकू आलं, तुमची मुलगी दरडीखाली आहे.

पावसाळ्यात आमच्या डोंगरात दरड हा शब्द कुणी हसण्यावारी नेत नाही. त्यात पोरगी खरंच डोंगरावर गेलेली. तिला फोन लावला तर कट होतोय, अण्णांना लावला तर उचलत नाहीत. आई तिथंच चिखलात बसली. आणि मामा भाजीच्या पाट्या तशाच टाकून बाजाराच्या मधोमध उभा राहून ओरडला, "माझी भाची दरडीखाली गावली, चला रं!"

एकानेही विचारलं नाही, कुठं, कशी, कोण म्हणालं. लोक निघाले.

इकडे माझा नंबर लागला. तीच ताई. मला बघून तिच्या जिवात जीव आल्यासारखं वाटलं.

"मॅम, तुम्ही ठीक आहात ना? आता एकट्या आहात?"

"एकदम एकटी. वडलांना मी खडकामागं पाठवलंय."

"म्हणजे?"

"म्हणजे ते आता मध्ये येणार नाहीत."

ताई आता माझ्याकडे बघत नव्हती, माझ्या खांद्यावरून मागे बघत होती.

"मॅम, तुमच्या मागे लोक आहेत."

"कोणी नाही हो. इथं कोण येतंय?"

"मॅम, खूप लोक आहेत. त्यांच्या हातात फावडी आहेत."

मी वळले. टेपाडाच्या चढावरून माणसं येत होती. फावडी, घमेली, पहारी, एकाच्या खांद्यावर दोरखंड. भाजीवाले, भांडीवाले, बांगड्यांच्या दुकानातली बाई. सगळ्यांत पुढे मामा, त्याच्यामागे दोन बायकांनी धरून आणलेली आई. आणि या सगळ्यांच्या मागे, टेपाडाच्या कडेवरून, एक पिवळा लोखंडी हात हळूहळू वर आला. खाली रस्त्याचं काम चाललं होतं, तिथला जेसीबीसुद्धा लोकांनी वळवून आणला होता.

एवढ्यात आवाज कसला म्हणून अण्णा खडकामागून उठून उभे राहिले. आईने त्यांना दगडांतून वर येताना पाहिलं आणि हंबरडाच फोडला.

"निघालं, एक मानूस जित्तं निघालं," कोणीतरी म्हणालं.

आईने मला गाठलं. आधी हात, पाय, डोकं चाचपून पाहिलं. मग गच्च कुशीत घेतलं. आणि मग पाठीत असा धपाटा घातला की फोन हातातून उडून चिखलात पडला.

"फोन का कापत हुतीस?" ती रडत विचारत होती. "का कापत हुतीस?"

तिच्या लुगड्याला गुडघ्यापर्यंत चिखल लागला होता आणि एका पायात चप्पल नव्हती.

मामाने फोन उचलून पुसला. ताई अजून लाईनवर होती.

"बाई, तुमीच फोन केल्ता व्हय? काय म्हनला तुमी आमच्या ताईला?"

"मी म्हटलं, तुमची मुलगी दबावाखाली आहे."

"दबावाखाली?"

"हो. दबावाखाली."

मामाने आईकडे पाहिलं. आईने फोनमधल्या ताईकडे पाहिलं. मग दोघांनी माझ्याकडे पाहिलं, आणि त्यांच्याबरोबर सगळ्या बाजाराने.

"कसला दबाव गं?" मामाने विचारलं.

सांगणं भाग होतं. पाऊस पडतोय, पन्नासेक माणसं फावडी घेऊन उभी आहेत आणि मी मान खाली घालून म्हणाले, "बँक कोणती निवडायची, त्याचा."

एक फावडं दगडावर टेकवल्याचा आवाज आला. जेसीबीचा हात, वर आला होता तसाच, सावकाश खाली गेला.

मग बांगडीवाली बाई म्हणाली, "चला, पोर खुशाल हाय, अजून काय पायजे," आणि सगळे उतरायला लागले. मला कोणी शिवी दिली असती तर बरं वाटलं असतं. एका म्हाताऱ्याने जाताजाता त्याच्या डोक्यावरचं पोतं काढून माझ्या डोक्यावर घातलं. त्यामुळे मला जास्तच लाज वाटली.

फोनमधून ताईचा आवाज आला. "सॉरी मॅम, चौकटीत एकापेक्षा जास्त व्यक्ती आहेत. मला अर्ज रद्द करावा लागेल."

दुसऱ्या दिवशी सकाळी मी आपण होऊन अण्णांना म्हटलं, "स्टँडजवळच्या बँकेत जायचं का?" अण्णा "मी म्हनलो हुतो" असं एकदाही म्हणाले नाहीत. नुसती टोपी घातली आणि निघाले. वाटेत मला म्हणाले, "आईला एक चप्पल जोड घिऊ, येताना."

बँकेत ही रांग. त्यातले निम्मे चेहरे कालचे. मी ओढणी पुढे ओढून घेतली, पण काही उपयोग झाला नाही. लोक सरकून मला वाट देत होते, आजारी माणसाला देतात तशी.

काचेमागचे साहेब भले माणूस होते. कागद बघितले, फोटो चिकटवला, सही घेतली. कोरड्या कागदावर, चालणाऱ्या पेनने, एका झटक्यात सही झाली. दबावाचं त्यांनी काही विचारलं नाही. बहुतेक त्यांच्याही कानावर गेलं असावं.

"विद्यार्थी खातं ना? पुण्याला काय शिकणार?" त्यांनी विचारलं.

मी पुटपुटले.

"जरा मोठ्यानं. इथं लिहायचंय मला."

रांगेतली कुजबुज थांबली. सगळ्यांनाच ऐकायचं होतं.

"जनसंवाद," मी म्हणाले.

"म्हणजे?"

"म्हंजी आपलं म्हननं समोरच्याला नीट कसं सांगायचं," अण्णांनी अभिमानाने समजावलं, "त्याची पदवी."

मग रांगेच्या शेवटून जेसीबीवाला शांतपणे म्हणाला,

"लवकर जा, पोरी. आज यस्टी हाय का बघ."