महानंदा सिस्टर आणि सरडीचं बाळंतपण

महानंदा सिस्टर आज सकाळी गेल्या.

त्यांच्या हातून झालेलं शेवटचं बाळंतपण एका सरडीचं होतं. चेष्टा नाही करत. मी तिथं होते.

तेव्हा मी लातूरला नीटच्या रिपीटर बॅचला होते. सिस्टरांच्या घरात वरच्या मजल्यावर आम्ही चार मुली राहायचो. त्या रिटायर्ड नर्स. अख्खी नोकरी खेड्यापाड्यात बाळंतपणं करण्यात गेलेली. स्वभावानं एकदम कडक.

दसऱ्याच्या आसपास क्लासहून येताना रस्त्याच्या कडेला ती दिसली. शॅमेलिऑन. तो हिरवा, गोल डोळ्यांचा, डुलत डुलत चालणारा सरडा असतो ना, तो. मागचा एक पाय गाडीखाली चेंगरलेला.

ओढणीत गुंडाळून घरी आणली.

सर्पमित्राला फोन केला. तो म्हणाला, हे पाळायला कायद्यानं बंदी आहे. वन खात्याला त्यानंच कळवलं, आणि पाय बरा होईपर्यंत तुमच्याकडंच राहू द्या, मग सोडू, असा निरोप दिला.

मला वाटलं, सिस्टर मला सरडीसकट बाहेर काढणार. त्यांनी चष्मा लावला. तिच्या फुगलेल्या पोटाकडं बराच वेळ बघितलं.

"ही पोटुशी हाय," म्हणाल्या.

चार-पाच दिवसांनी तिनं खाणं सोडलं. जिन्यालगतच्या खोलीत तिला जाळीचा पिंजरा केला होता, त्यातल्या फांदीवर बसेना. खाली उतरून कोपरे उकरायची, थांबायची, परत उकरायची.

सर्पमित्र म्हणाला, ती अंडी घालायला जागा शोधतेय. हातभर खोल ओली माती लागेल. नाही मिळाली किंवा ती घाबरली, तर अंडी आत अडकतील. मग ती वाचणार नाही.

सिस्टरांनी मोठी बादली काढली. शेजारच्या बांधकामावरून वाळू आणवली, कुंड्यांतली माती मिसळली. त्या आठवड्यात नळाला पाणी आलं नव्हतं. त्यांनी स्वतःच्या प्यायच्या घागरीतलं ओतलं आणि माती मुठीत दाबून बघितली.

पहिल्या दिवशी तिनं अधू पायानं दोन बोटं उकरलं आणि सोडून दिलं.

आम्ही चौघी वरून वाकून मोबाईल घेऊन बघून राहिलो होतो.

दुसऱ्या दिवशीही तेच.

तिसऱ्या दिवशी अंग काळपट पडलं. भर दिवसा डोळे मिटायला लागली.

त्या दुपारी माझी टेस्ट होती. त्या मार्कांवर वरची बॅच ठरणार होती. उदगीरहून पप्पांचा फोन आला, निघालीस का? मी हो म्हणाले.

आणि जिन्यात बसून राहिले.

सिस्टर रागावल्या नाहीत. बाकीच्या मुलींना क्लासला पिटाळलं. माझा मोबाईल काढून घेतला. आपली जुनी पांढरी ड्युटीची साडी जाळीभोवती आणि बादलीभोवती लावली. दार ओढून घेतलं आणि बाहेर खुर्ची टाकून दाराकडं पाठ करून बसल्या.

मी पायरीवर. आतून काहीच आवाज नाही.

बऱ्याच वेळानं आतून माती खरवडल्यासारखं ऐकू आलं. मी उठले. त्यांनी हात धरून खाली बसवलं.

मग, मी न विचारता, त्र्याण्णवच्या भूकंपाचं सांगायला लागल्या. एरवी तो विषय निघाला की उठून जायच्या.

तंबूत एक बाई होती. दिवस भरलेले, घर पडलेलं. जमीन जरा हलली की तिच्या कळा थांबायच्या. आणि तंबूत ही गर्दी, बघायला आलेल्यांची. सिस्टरांनी सगळ्यांना बाहेर काढलं आणि दारात बसल्या.

"भ्यालेल्या बाईच्या कळा थांबतात, पोरी. आपल्याला कुणी बघून न्हाई राहिलं, असं तिला वाटाय पायजे."

मी विचारलं, बाळ जगलं का?

"लेकरू जगलं. आई दुसऱ्या दिवशी गेली. समदे लेकराकडं बघून राहिले होते. मी बी."



चार वाजून गेल्यावर त्यांनी दार जरासं ढकललं. बादलीतली माती वरून सारखी केलेली. आणि ती काठावर पडलेली. अंगभर चिखल, पोट खपाटीला, डोळे आत गेलेले, मिटलेले.

मला वाटलं, मेली.

तरी माझा हात मातीकडं गेला. किती अंडी आहेत ते बघायला.

"अंडी राहू दे. आधी तिच्याकडं बघ."

त्यांनी कपाटातून सलाईनचा नवा सेट काढला. खिळ्याला बाटली लटकवली, त्यात साधं पाणी. तिला उचलून फांदीवर ठेवलं आणि तिच्या तोंडापुढच्या पानावर थेंब थेंब सोडला.

एक बाटली संपली. ती हलली नाही.

दुसरी अर्धी झाली.

मग तिचा गळा हलला. एकदा. परत एकदा. एक डोळा उघडला आणि वळून आमच्याकडं लागला.

सिस्टर तिथंच जमिनीवर बसल्या. पदरानं तोंड पुसलं. मी त्यांना रडताना तेवढंच बघितलं.

दुसऱ्या दिवसापासून नाकतोडे पकडणं माझं काम. त्यांच्यावर सिस्टर स्वतःची कॅल्शियमची गोळी कुटून भुरभुरायच्या. पाय भरला तसं सर्पमित्रानं तिला माळावरच्या झुडपांत सोडलं. बादली तो तशीच घेऊन गेला. पुढच्या पावसाळ्यात त्यानं फोटो पाठवला, बोटाच्या पेरावर मावेल एवढ्या पिल्लाचा. थोडी जगली, थोडी नाही.

त्या वर्षीही माझा नंबर लागला नाही.

पप्पा सामान न्यायला आले.  सिस्टरांनी त्यांना बसवलं, चहा दिला आणि म्हणाल्या,

"हिला डॉक्टर व्हायला न्हाई जमलं. पण बाळंतिणीपाशी बसायला जमतंय. ते लई जनाला जमत न्हाई. नर्सिंगला टाका."

आज मी नांदेडला लेबर वॉर्डात आहे. सकाळी फोन आला तेव्हा एक पेशंट टेबलवर होती. ती मोकळी झाली, मुलगी झाली. तासभर आईपाशी थांबले, मगच निघाले.

आत्ता लातूरच्या बसमध्ये आहे. माती द्यायला वेळेवर पोचेन की नाही, माहीत नाही.

सिस्टर, उशीर झाला तर समजून घ्या.

तुमच्या पायांवर डोकं ठेवते. या आता.