मधोमध कापलेलं पुस्तक

थोरलीला घरात सगळे 'साहेब' म्हणत. सरकारी अधिकारी होण्याच्या परीक्षेत ती पहिल्यांदा नापास झाली तेव्हा सासूबाईंनी ठेवलेलं हे नाव पुढे दिराने उचललं, मग शेजाऱ्यांनी. दिवसभर ती औषधांच्या दुकानात उभी असायची, गोळ्यांच्या पट्ट्या कापून द्यायची. गिऱ्हाईक नसलं की काउंटरखाली पुस्तक उघडायची. यंदा वयाची मर्यादा संपत होती. यंदा नाही, तर कधीच नाही.

त्यात धाकटी जाऊ घरात आली आणि तीही त्याच परीक्षेला बसली.

"एक साहेब होत्याच," सासूबाई म्हणाल्या, "आता अख्खी कचेरी भरली."

पर्यावरणाच्या पेपराचं पुस्तक मात्र एकच, उशीएवढं जाड. दोघींना सवड मिळायची तीही नेमकी एकाच वेळी. शेवटी थोरलीने पातं घेतलं आणि गोळ्यांची पट्टी कापावी तसं ते पुस्तक बरोबर मधोमध कापलं. पुढचा भाग थोरलीने वाचायचा, मागचा धाकटीने, आणि संध्याकाळी भाज्या निवडताना एकमेकींना शिकवायचं. महिनोन्‌महिने हे सुरळीत चाललं.

पेपर दुपारचा होता. सकाळी धाकटी केस विंचरत म्हणाली, "ताई, पाणथळ जागा एकदा सांगा ना. तेवढा धडा तुम्ही शिकवलाच नाहीत."

"तो तुझ्याकडे आहे."

"माझ्याकडे? माझा भाग त्या धड्याच्या मधूनच सुरू होतो. सुरुवात तुमच्याकडे, म्हणून मला वाटलं तो तुमचा. मी पुढच्या धड्यापासून वाचलं."

थोरलीच्या हातातला कप तसाच राहिला. तिच्या भागात तो धडा अर्ध्या वाक्यात तुटत होता. उरलेला मागे आहे म्हणजे धाकटी बघेल, असं धरून तिनेही तो सोडून दिला होता.

"म्हणजे कुणीच वाचला नाही," धाकटी म्हणाली.

"मग विचारायचं नाही का इतके दिवस?"

"तुम्ही तरी कुठे विचारलंत?"

"भांडा आता," सासूबाई स्वयंपाकघरातून म्हणाल्या. "प्रश्न तेवढ्यात पेपरातून निघून जाईल."

मग धाकटीने आपला भाग आणून थोरलीच्या भागासोबत तिच्या मांडीवर ठेवला. "तुम्ही वाचा. सलग वाचलंत तर पूर्ण होईल. मला अजून पुष्कळ वर्षं आहेत."

थोरलीने तो घेतला. नको म्हणाली नाही. पान उघडून भराभर वाचू लागली. अर्धं पान सरलं. समोर धाकटी थोरलीचीच साडी इस्त्री करत होती, तोंडाने काहीतरी पुटपुटत. चुकत होती, पुन्हा म्हणत होती. तिचाही पेपर आजच होता.

थोरलीने मान खाली घातली. पुढची ओळ दोनदा वाचली, तरी डोक्यात शिरेना.

"इस्त्री बंद कर," ती शेवटी म्हणाली. "बस इथे. मोठ्याने वाचते."

"अहो ताई, मोठ्याने वाचून पूर्ण नाही व्हायचं."

"ऐक. दलदल पुराचं पाणी कसं धरून ठेवते..."

ती वाचत सुटली. बसमध्येही वाचलं, शेजारच्या माणसाने दोनदा रागाने पाहिलं, तिसऱ्यांदा तोही ऐकू लागला. परीक्षा केंद्राच्या फाटकापाशी पहारेकऱ्याने हात पुढे केला. "कागद आत न्यायचे नाहीत." पाणथळ जागा वाचवण्याचे उपाय तेवढे राहिले होते. थोरलीने न वाचलेल्या पानांसकट दोन्ही भाग त्याच्या हातात दिले.

चौथाच प्रश्न होता: पाणथळ जागांचे उपयोग आणि त्या वाचवण्याचे उपाय.

उपयोग तिने झरझर उतरवले. उपायांपाशी पेन थांबलं. दोन बाकं पुढे धाकटीचंही पेन थांबलेलं दिसलं. थोरलीच्या छातीत एकदम संताप उसळला. एकटीने वाचलं असतं तर आत्ता हात चालला असता. मग धाकटीने मान खाली घालून लिहायला सुरुवात केली. काय सुचलं होतं कोण जाणे.

थोरलीने पदराने तळहात पुसला. पुस्तकात काय आहे हे आता कळणार नव्हतं. दलदल आपल्या ताब्यात दिली तर आधी काय थांबवू, असं तिने स्वतःला विचारलं, आणि तेच उत्तरपत्रिकेवर मांडू लागली.