शालनआत्यासाठी कोल्हापूर

पिक्चरचं नाव मी इथे लिहिणार नाही. त्याची चाळीस वर्षं पुरेशी जाहिरात झाली आहे. खऱ्या खुनावरचा, गाजलेला, 'क्लासिक' वगैरे. त्यात नवरा जिचा जीव घेतो ती माझी सख्खी आत्या. पडद्यावर तिचं नाव वेगळं आहे आणि तिला एक प्रियकर आहे. खरी शालनआत्या गावच्या दूध संस्थेत सकाळ-संध्याकाळ दुधाचं फॅट तपासायला जायची, आणि प्रियकर बियकर कुणी नव्हता. बायको घराबाहेर चार लोकांत काम करते हेच नवऱ्याच्या पोटात दुखत होतं. संशयाला काडीचा आधार नाही, असं कोर्टानं निकालात लिहिलं आणि त्याला जन्मठेप दिली. पिक्चरनं मात्र त्याला हळवा नायक करून टाकला.

मागच्या महिन्यात कळलं, कोल्हापुरातला एक फिल्म क्लब तो पुन्हा मोठ्या पडद्यावर दाखवतोय आणि नंतर चर्चाही आहे. म्हटलं, चर्चा ना? येतेच. बाबांना, म्हणजे आत्याच्या धाकट्या भावाला, फक्त 'कोल्हापूरला जाते' एवढंच सांगितलं. हा विषय निघाला की ते उठून गॅलरीत जातात.

शुक्रवारी पहाटेची एसटी धरली. बायकांना अर्धं तिकीट, त्यामुळे पुणे-कोल्हापूर खिशाला जड नाही. हायवेची कामं चालू आहेत, सहा तास धरून चाला. स्टँडजवळ मिसळ खाल्ली. इथे मिसळीबरोबर पाव नाही, स्लाइस ब्रेड देतात, आणि कट वाढताना 'तिखट चालेल का' असं कुणी विचारत नाही. डोळ्यांत पाणी आलं. बरं झालं, त्या दिवशी डोळे पुसायला एक कारण आयतंच मिळालं.

तिथूनच रिक्षा ठरवली. हातकणंगल्याच्या पुढचं आत्याचं सासरचं गाव, जाऊन-येऊन आठशे. रिक्षावाले साठीतले मामा, बोलके.

"पिक्चरची विहीर बघायला निघालासा व्हय? लई पावणं येत्यात. रील काढत्यात."

"काय आहे तिथे?"

"हितंच त्या बाईला मारली की. आन् हितंच ती त्या दूध संस्थेच्या सेक्रेटरीला भेटायची."

मी दात-ओठ खाल्ले. आत्याला विहिरीवर नाही, तिच्या स्वयंपाकघरात मारलं. विहीर पिक्चरवाल्यांनी निवडली, पाण्यात चंद्र छान दिसतो म्हणून.

गावात शिरताना दोन्ही बाजूंना ऊस, मग दूध संस्थेची नवी इमारत, मग ती पायऱ्यांची विहीर. मी भांडायच्या तयारीनंच उतरले होते. कुणी रील काढताना दिसला असता तर त्याची धडगत नव्हती. पण काठावर चार-पाच बायका होत्या. एका दगडाला हळद-कुंकू लावलेलं, समोर हिरवा खण, नारळ, तांदूळ, बांगड्या. कुणाची तरी ओटी भरत होत्या.

"कोणत्या देवीची?" मी विचारलं.

त्यांच्यातल्या सगळ्यात म्हाताऱ्या आजी म्हणाल्या, "देवी न्हाय. शालन हाय ती. माझी मैतरीण."

आजींना सांगितलं मी कोण ते. त्यांनी माझा चेहरा दोन्ही हातांनी धरून नीट पाहिला.

मी म्हटलं, "पण आजी, ती इथे नाही ना गेली."

"म्हाईत हाय की. घरात मारली तिला. पर त्या घरात आमास्नी कोन पाय ठेवू देतंय? हितं पिक्चर काढला, लोकं म्हणाय लागली हीच जागा. म्हटलं, असू दे. विहिरीवर कुणाची परवानगी लागत न्हाय. पिक्चर कायबी म्हणू दे. छिनाल बाईची वटी भरत न्हाय कोन."

खोट्या जागेवर या बायकांनी चाळीस वर्षं खरी साक्ष चालू ठेवली होती. कोर्टाच्या निकालापेक्षा मला ती मोठी वाटली. मी आजींच्या हातचं कुंकू लावून घेतलं आणि ढसाढसा रडले. मामा रिक्षाशेजारी खाली मान घालून उभे होते. परतताना मी संध्याकाळच्या पिक्चरचं सांगितलं तेव्हा म्हणाले, "मी पन येतो."

संध्याकाळी हॉल भरलेला. खुनाआधीच्या नायकाच्या संवादाला शिट्ट्या पडल्या. चर्चेत वक्त्यांनी नायकाच्या 'आतल्या वेदने'वर पंधरा मिनिटं घेतली. मी हात वर केला.

"प्रश्न विचारा हं, भाषण नको," संयोजक म्हणाले.

"प्रश्नच आहे. ह्या बाईचं खरं नाव इथे कुणाला ठाऊक आहे?"

कुणालाच नव्हतं. मी नाव सांगितलं, दूध संस्था सांगितली, निकाल सांगितला. एक गृहस्थ म्हणाले, "मॅडम, कलाकृती म्हणून बघा की."

"तुमच्या बहिणीवर काढली तर बघाल?"

संयोजक माइक मागायला आले. मागून मामांचा आवाज आला, "बोलू द्या तिला. मी दुपारीच खोटं बोलून बसलोय, आता खरं ऐकू द्या." मग मी बोलले, पोटभर. टाळ्या पडल्या नाहीत. दोघे-तिघे उठून गेले. जाऊ देत.

पुण्याला आल्यावर बाबांना सगळं सांगितलं. या वेळी ते गॅलरीत गेले नाहीत. म्हणाले, "पिक्चरवाले घरी आले होते. मीच हात जोडले, तिचं नाव लावू नका, आमची अब्रू जाईल. ते म्हणाले, ठीक आहे, बदलतो. नाव बदलल्यावर त्यांना काय, काहीही दाखवायची मोकळीक मिळाली. मला तेव्हा कळलं नाही गं."

मी त्यांना 'जाऊ द्या' म्हटलं नाही. म्हटलं, येत्या शुक्रवारी गाडी काढू, खण तुम्ही निवडा.

काल दुकानात बाबांनी अर्धा तास घालवला आणि जांभळा निवडला. घडी घालताना दुकानदारानं सहज विचारलं, "कुणासाठी, काका?"

"बहिणीसाठी," बाबा म्हणाले. "शालन तिचं नाव. नवऱ्यानं मारलं तिला. तिची काही चूक नव्हती."