नानांसाठी पाहिलेला सामना

आमच्या घरी पेपर यायचा तो केळीच्या भावासाठी. असोद्याला वडिलांची केळीची बाग आहे, आणि सकाळी भाव पाहिल्याशिवाय त्यांच्या घशाखाली चहा उतरत नसे. त्यांचं वाचून झालं की पेपर माझा. रविवारी मात्र मी त्यांच्या आधी उठून तो दारातच गाठायचे, कारण पुरवणीच्या शेवटच्या पानावर एक सदर यायचं. खानदेशातल्या गावोगावच्या मैदानांबद्दलचं. कुठे कबड्डी, कुठे खो-खो, कुठे जत्रेतल्या कुस्त्या. लिहिणारे गृहस्थ धुळ्याचे आहेत, एवढंच मला ठाऊक होतं.

मला खेळाचं वेड होतं आणि खेळता येत नव्हतं. शाळेच्या कबड्डी संघाच्या निवडीला मी दोनदा उभी राहिले. दोन्ही वेळा सरांनी प्रेमानेच बाजूला केलं. पाय जड, दम लवकर लागायचा. तरी संघाचा सराव मी चुकवत नसे. कडेला बसून पाहत राहायचे. मैत्रिणी विचारायच्या, यातून तुला मिळतं काय? आईचं म्हणणं सरळ होतं : खेळायचं नाही तर ऊन कशाला खायचं?

मग एका रविवारी त्या सदरात एका राखीव मुलीबद्दल आलं. हरलेल्या संघातली मुलगी. सबंध सामन्यात ती मैदानात उतरलीच नव्हती. बाकीच्या मुलींचे स्वेटर मांडीवर घेऊन ती कडेला बसली होती आणि आपल्या संघाची चढाई सुरू झाली की तिचे ओठ ‘कबड्डी कबड्डी’ म्हणत हलत होते. लेखकाने निकाल एका ओळीत उरकला होता आणि बाकी सगळं तिच्याबद्दल लिहिलं होतं. मी ते ओट्यावर बसून पुन्हा वाचलं. कडेला बसणाऱ्या मुलीकडेही कुणीतरी पाहतं, तिच्याबद्दल लिहिण्यासारखं काही असतं, हे मला तोवर माहीत नव्हतं. मलाही असं लिहायला येईल का, हा विचार पहिल्यांदा डोक्यात आला तो त्या सकाळी.

मी अकरावीत होते तेव्हा दिवाळीनंतर ते सदर बंद झालं. पेपरने काही कळवलं नाही. त्या जागी आधी राशिभविष्य आलं, मग जाहिरात. मी दर रविवारी पान उलटून पाहायचे.

त्याच हिवाळ्यात आत्याच्या मुलीचा साखरपुडा होता. आत्या धुळ्याला देवपुरात राहते. वडील आणि मी दोन दिवस आधीच गेलो. आत्याच्या स्वयंपाकघरात मटार सोलता सोलता मी त्या सदराचा विषय काढला. लेखकाचं नाव सांगितल्यावर आत्या हसायलाच लागली. म्हणाली, हे तर आपल्या मागच्या गल्लीतले नाना. एसटीच्या आगारात वाहतूक नियंत्रक होते, आता निवृत्त झालेत. गिरणीत दळण टाकायला मी जाते ते त्यांच्या दारावरूनच.

मला वाटलं होतं, लेखक म्हणजे पुस्तकांनी भरलेल्या खोलीत बसलेला कुणी असणार. आत्यानेच मला उठवलं आणि दुपारी वडिलांसोबत पाठवून दिलं.

नानांच्या पत्नीने, काकूंनी दार उघडलं. नाना पुढच्या खोलीत पलंगावर बसले होते, अंगात बिनबाह्यांचा स्वेटर, पायाशी रेडिओ. मी वाकून नमस्कार केला. त्यांनी आशीर्वाद दिला, पण माझ्याकडे बघून नाही. त्यांची नजर माझ्या खांद्याच्या पलीकडे, दारावर होती. माझं मी बोलत सुटले. कुठली, कितवीत आहे, सदर केव्हापासून वाचते, ती स्वेटर घेऊन बसलेली मुलगी. त्यांनी सगळं ऐकून घेतलं. मग मी विचारलं, “नाना, तुम्ही लिहिणं का बंद केलं?”

काकू आत निघून गेल्या. नाना म्हणाले, “काचबिंदू आहे, बेटा. एक डोळा गेलाच, दुसऱ्याने उजेड तेवढा कळतो. जे दिसलं नाही ते लिहायचं कसं?”

वडील खाली मान घालून बसले होते. नानांनीच आम्हाला मोकळं केलं. म्हणाले, तू शेवटचा पाहिलेला सामना सांग. मी आमच्या शाळेचा आंतरशालेय सामना सांगायला घेतला. कोण जिंकलं, किती गुणांनी, शेवटच्या चढाईत काय झालं. नाना मधेच थांबवून विचारू लागले. शेवटच्या चढाईच्या वेळी बाद होऊन बाहेर बसलेल्या मुली काय करत होत्या? जिने पकड चुकवली तिच्याकडे तिच्या संघातलं कोण पाहत होतं? पंच म्हातारे होते की तरुण? मला एकाचंही उत्तर देता आलं नाही. मी गुणफलक पाहत बसले होते. ते रागावले नाहीत. उलट त्यांना मजा वाटत असावी, कारण ते चक्क सरसावून बसले होते.

निघताना त्यांनी वडिलांना विचारलं, उद्या दोंडाईच्याला मुलींच्या कबड्डीचा अंतिम सामना आहे, तुमची मुलगी माझ्यासोबत येईल का? मला सामना सांगायला. काकूंना बसचा त्रास होतो, आणि नातवाला कबड्डीत रस नाही. वडिलांनी माझ्याकडे पाहिलं. साखरपुडा परवावर होता. म्हणाले, “मीबी येतो.”

दुसऱ्या दिवशी सकाळच्या एसटीने आम्ही तिघं निघालो. चालक-वाहक दोघंही नानांना ओळखत होते, त्यांनी पुढची जागा रिकामी करून दिली. दोंडाईचा जवळ आलं तशी रस्त्याच्या कडेच्या मोकळ्या रानात मिरच्या वाळत घातलेल्या दिसू लागल्या, लांबच लांब लाल पट्टे. बसमधले सगळेच खोकायला लागले. नाना म्हणाले, आलं गाव.

मैदानावर मांडव होता, पण नानांनी पाहुण्यांच्या खुर्च्या नको म्हटलं. मध्यरेषेच्या समोर, दोरीला लागून आम्ही सतरंजीवर बसलो. नाना मधे, मी त्यांच्या उजव्या कानाशी, वडील पलीकडे. एक संघ धुळे शहरातल्या क्लबचा होता, एक सातपुड्याच्या पायथ्याच्या आश्रमशाळेचा. सामना सुरू झाला आणि मी बोलायला लागले.

पहिली काही मिनिटं माझी धांदल उडाली. मी नुसती ओरडत होते, आली, गेली, धरली, सुटली. नाना हळूच म्हणाले, “घाई करू नकोस. एकीलाच धर. तिच्यामागून बाकीच्या येतील.”

मी आश्रमशाळेच्या संघातली डाव्या कोपऱ्यातली मुलगी धरली. चढाईला आलेलीचा घोटा पकडायचं काम तिचं. अंगाने किडकिडीत, केस तेल लावून घट्ट बांधलेले. मी सांगत गेले. ती चढाई करणारीच्या तोंडाकडे बघत नाही, पायांकडेच बघते. पकड चुकली की हाताची माती आधी पँटला पुसते आणि मगच बाहेर जाते. पुन्हा आत आली की शेजारच्या मुलीचं बोट क्षणभर धरते. नाना मान हलवत होते. कधी विचारायचे, शेजारची हसते का? मी बघायचे आणि सांगायचे, हसते. गुण किती झाले हे त्यांनी विचारलंच नाही, ते ध्वनिक्षेपकावर कळत होतंच.

मध्यंतरानंतर शहरातल्या संघाची धिप्पाड मुलगी चढाईला आली. डाव्या कोपऱ्यातलीने तिचा घोटा धरला. तिने मध्यरेषेकडे झेप घेतली आणि ही किडकिडीत मुलगी मातीतून फरफटत गेली. कोपर सोलून निघालं. मला रक्त दिसत होतं. माझा आवाज थांबला. नानांनी माझा हात दाबला. “बोल.” मी म्हणाले, “नाना, तिने सोडलं नाही. अजून सोडलं नाही.” तोवर बाकीच्या धावून आल्या आणि चढाई करणारी मध्यरेषेच्या अलीकडेच दाबली गेली. भोवतालच्या लोकांनी टाळ्या वाजवल्या. माझे डोळे भरून आले होते, तरी मी सांगत राहिले, कारण नाना ऐकत होते.

तरीही आश्रमशाळेचा संघ हरला, अगदी थोडक्यात. बक्षीस समारंभ सुरू झाला तेव्हा नाना म्हणाले, मला त्या पोरीकडे ने. ती पाण्याच्या टाकीजवळ कोपर धूत होती. नाना तिच्याशी अहिराणीत बोलले. आधी जेवली का ते विचारलं, घरी कोण कोण आहे ते विचारलं. मग, ती ओढत नेत होती तेव्हा भीती वाटली नाही का, असं विचारलं, “ती तुले ओढी लई चालनी, तव्हय भ्याव वाटना नही का?”

ती जरा लाजली. भीती वाटल्याचं कबूल करत म्हणाली, “वाटना ना. पन धरेल पाय कसा सोडू?”

नानांनी तिच्या डोक्यावर हात ठेवला आणि आम्ही निघालो. मी नानांचं सदर कितीदा वाचलं होतं, पण ते कसं तयार होतं हे मला त्या टाकीपाशी कळलं. ते सामन्याबद्दल फार थोडं विचारत. माणूस बोलायला लागेपर्यंत थांबत.

परतीच्या बसमध्ये नाना खिडकीला डोकं टेकून झोपले. वडील माझ्या शेजारी होते. ते कमी बोलतात. घरात माझ्या खेळाच्या वेडाबद्दल त्यांनी कधी बरं म्हटलं नव्हतं की वाईट. धुळं जवळ आल्यावर ते म्हणाले, “तू बोलत व्हती ना, तं मी डोये मिटून ऐकलं. सारं दिसलं मले.”

एवढंच. मी खिडकीबाहेर पाहत राहिले, कारण त्यांच्याकडे पाहणं मला जमेना.

त्या संध्याकाळी आत्याकडे मेंदीची गडबड चालू होती आणि मी माडीवर बसून लिहीत होते. सकाळी नानांकडे जाऊन वाचून दाखवलं. त्यांनी मला तीन ठिकाणी थांबवलं. जिथे मी ‘जिद्द’ लिहिलं होतं तिथे ते म्हणाले, हे काढ, तिने पाय सोडला नाही एवढंच ठेव. शेवटी मी एक मोठा परिच्छेद लिहिला होता, खेळ आपल्याला काय शिकवतो वगैरे. तो ऐकून ते म्हणाले, “हे तुला तिथे मैदानावर वाटलं होतं का?” नव्हतं वाटलं. मी तो काढला. मग त्यांनी पेपरच्या कचेरीत फोन लावला आणि माझ्यासमोरच सांगितलं की सदर पुन्हा सुरू करतोय, डोळे दुसऱ्याचे असतील, आणि त्या दुसऱ्याचं नाव आपल्या नावाच्या आधी छापायचं.

तसंच छापून आलं. त्या रविवारी वडिलांनी भाव न पाहता आधी मागचं पान उघडलं. आईने ते कात्रण शेजारच्या काकूंना दाखवलं. मी उन्हात का बसते हे तिने नंतर कधी विचारलं नाही.

पुढची दीड-दोन वर्षं आम्ही असेच फिरलो. सुट्टीत मी आत्याकडे यायचे आणि नानांसोबत कुठल्या ना कुठल्या गावी जायचे. बसस्टँडवर त्यांचा हात धरून चालताना मी बोलत असायचे. समोर काय आहे, कोण उभं आहे, फलकावर काय लिहिलंय. मैदानाबाहेरचंही मी पाहायला शिकले ते असं. ते मला कधी शाबासकी देत नसत. मनासारखं सांगितलं की म्हणत, “पुढे?” या एका शब्दासाठी मी कुठेही गेले असते.

मग मी जळगावला कॉलेजात गेले आणि नानांची तब्येत प्रवासाची राहिली नाही. त्यांनी सदर माझ्या एकटीच्या नावावर करून टाकलं. मी नको नको म्हणत होते. पहिल्यांदा मी एकटी गेले ती पाचोऱ्याला, खो-खोच्या सामन्यांना. परत आल्या आल्या नानांना फोन लावला आणि नेहमीसारखं सांगायला सुरुवात केली. त्यांनी थांबवलं.

“मला सांगू नकोस. लिही. रविवारी वाचून घेईन मी, सगळ्यांसारखं.”

मला ते लागलं. वाटलं, आता यांना माझं ऐकायचं नाही. मी चिडून लिहायला बसले आणि लिहिता लिहिता लक्षात आलं की कानाशी कुणी नसताना मला सगळंच जास्त नीट आठवावं लागतंय. ‘बोल’ म्हणणारं कुणी नव्हतं. माझं मलाच म्हणावं लागत होतं.

रविवारी मी सकाळपासून फोन जवळ घेऊन बसले. दुपार झाली. चारच्या सुमाराला फोन आला. काकूंनी त्यांना लेख दोनदा वाचून दाखवला होता. नाना म्हणाले, “मी पाचोऱ्याला जाऊन आलो, बेटा.” मग म्हणाले, “आणि ‘निसटता’ हा शब्द दोनदा आलाय. एक काढायला हवा होता.”

मी हो म्हणाले. फोन ठेवल्यावर पेपर उघडून पाहिलं. खरंच दोनदा आला होता.