हरणाबाईची वाट्यानं दिलेली शेळी

जळकोटच्या हरणाबाईचा नवरा श्रीपती कानानं अधू होता. माणूस स्वभावानं गरीब, सालस. पण त्याला घरातली एखादी गोष्ट सांगायची म्हणजे ती अख्ख्या वस्तीला सांगितल्यासारखीच. त्यामुळं त्या घरात झाकून ठेवण्यासारखं काही राहतच नसे. हरणाबाईचं त्यावाचून काही अडलंही नव्हतं.

गुपित बोलायची एकच विद्या तिच्यापाशी होती, आणि ती बहात्तरच्या दुष्काळात मिळालेली. तेव्हा ती रस्त्याच्या कामावर खडी फोडायला जायची. मुकादमाला कळू नये म्हणून तिथल्या बायका च ची भाषा बोलत. शब्दाचं पहिलं अक्षर उचलून शेवटी टाकायचं आणि पुढं च लावायचा. "चकादममु चलाआ", म्हणजे मुकादम आला, असं कुणी पुटपुटलं, की जरा टेकलेल्या बायका पटापट हातोडे उचलायच्या. हरणाबाईच्या मागं मागं कामावर येणारी तिची लेक गुलाब ही भाषा आईपेक्षाही भरभर बोलायला लागली. पुढं दुष्काळ सरला, गुलाब शाळेत हुशार निघाली आणि नर्सिंग शिकायला सोलापूरला गेली.

गावात त्या वेळी सर्वांना वापरता येईल असा फोन एकच होता, सोसायटीच्या कचेरीत. सचिव महालिंगप्पांच्या टेबलावर तो काळा फोन असायचा आणि समोरच्या बाकावर खत-बियाण्याला आलेली माणसं. बाजाराच्या दिवशी दुपारी गुलाबचा फोन यायचा. हरणाबाई डोक्यावरचा पदर सावरून तो उचलायची आणि सोलापूर लांब असल्यामुळं मोठ्यानं बोलायची. बाक गप्प बसून ऐकायचा. त्यात कुणाला काही वावगं वाटत नसे. पत्राचंही तेच होतं. तिला वाचता येत नसल्यानं पत्र आधी दुसऱ्याच्या तोंडी पडायचं आणि मग तिच्या कानी.

एका बाजारी फोन आला तेव्हा गुलाबचा आवाज बारीक होता. थोडं इकडचं तिकडचं बोलून ती एकदम म्हणाली, "चयमा, चमी चजारीआ चहेआ."

माय, मी आजारी आहे. हरणाबाईनं फोन कानाशी घट्ट दाबला. ती उत्तर द्यायच्या आतच बाकावरून महारुद्रनं विचारलं, "हरणाबाई, पोरगी आजारी हाय व्हय? काय झालंय?"

महारुद्र शेतकरी माणूस, जनावरांचा मोठा शौकीन. फोन तिच्या कानाला असला तरी त्यातला आवाज बाहेर झिरपत होता. "ही भाषा तर आमी शाळंत बोलायचो की," तो हसत म्हणाला.

"सर्दी झालीया," हरणाबाई कशीबशी बोलली आणि तिनं फोन ठेवला.

दुसऱ्या दिवशी सकाळच्या एसटीनं ती सोलापूरला गेली. गुलाबला टीबी झाला होता. वॉर्डात काम करता करताच लागला असणार, असं डॉक्टर म्हणाले. औषधं आणि सुया नेमानं घेतल्या तर पूर्ण बरी होईल, पण दीड वर्ष तरी लागेल. हरणाबाईनं लेकीच्या पाठीवरून हात फिरवला. पाठीचे मणके हाताला लागले.

"माय, गावात कळू दिऊ नकोस," गुलाब म्हणाली. "आपल्या हातचं पाणी बी पिणार न्हाय कुणी. आन् उद्या माझं लगीन?"

"म्या कशाला सांगू? पर फोनवर तुझी तब्येत कशी इचारू? ती च ची भाषा तर समद्यांना ठावं हाय."

गुलाबनं विचार केला. मग म्हणाली, "समद्यांना कळंल असंच बोलायचं. शब्द साधे, पर त्येचा अर्थ आपल्या दोघींपाशी. हिथल्या एका मावशीकडं आपण वाट्यानं शेळी दिलीया असं धर. शेळी म्हंजी मी."

वाट्यानं शेळी देणं तिकडं घरोघरीचंच. पाळणाऱ्यानं पाळायची, पिलं निम्मी निम्मी. कुणाला शंका यायचं कारण नव्हतं. अंग धरणं म्हणजे वजन वाढणं, सुई म्हणजे सुईच, चरणं म्हणजे जेवण. दोघींनी तिथंच पलंगावर बसून सारं ठरवलं आणि हरणाबाई त्या दिवसांत पहिल्यांदा हसली.

श्रीपतीला सांगायचं राहिलं होतं. गावाबाहेरच्या तुरीच्या रानात, आसपास कुणी नाही असं बघून तिनं त्याच्या कानाशी तोंड नेलं आणि ओरडून सगळं सांगितलं. तो खाली बसला. मग म्हणाला, "शेळीला खुराक चांगला घालाय सांग."

पुढच्या बाजारापासून बाकावरच्या माणसांना शेळीची गोष्ट ऐकू यायला लागली.

"शेळी चरती का?"

"चरती. पर अजून खोकती."

"आन् अंग?"

"जरा धरलंय. सुया चालूच हायत."

एक दिवस फोन संपल्यावर महारुद्र कळकळीनं म्हणाला, "हरणाबाई, खरं सांगू का? खोकणारं जनावर ठिवू नये. दुसऱ्या शेळ्यांना लागण व्हईल. इकून टाका ती."

तो शेळीबद्दलच बोलत होता. पण गावाला खरं कळलं असतं तर गाव गुलाबविषयी काय बोललं असतं, ते तिला त्याच्या तोंडून जसंच्या तसं ऐकू आलं. तिनं पदरानं डोळे पुसले.

"न्हाय इकणार," ती म्हणाली. "माझी हाय ती. बरी व्हईल न्हायतर न्हाय व्हनार, म्या सोडणार न्हाय तिला."

एका शेळीसाठी बाई एवढी का रडते, हे महारुद्रला कळलं नाही. पण तो दुसऱ्या दिवशी अडुळशाची मोठी जुडी घेऊन तिच्या दारात आला. "काढा करून पाजा म्हनावं. खोकल्याला लई गुण," म्हणाला. हरणाबाईनं ती जुडी जपून सोलापूरला नेली आणि डॉक्टरांना विचारून गुलाबला काढाही करून दिला. औषध चालू होतंच. पण महारुद्रचा काढा पिताना गुलाबला हसू आवरेना.

सचिव महालिंगप्पांच्या लक्षात काहीतरी आलं होतं. एका बाजारी हरणाबाई आली तेव्हा टेबलावर फोन नव्हता. लांब तार घालून त्यांनी तो आतल्या खोलीत, खताच्या पोत्यांजवळ नेला होता. खोलीला दार होतं.

"आत बसून बोला," ते म्हणाले. "ज्याचं बोलणं त्याचं. बाकीच्यांना त्यात काय करायचंय? आणि शेळीचं मला काही सांगू नका. मी विचारणारही नाही."

दार लावून घेतलं तरी हरणाबाई शेळीच म्हणत राहिली. मधल्या एक्स्चेंजमध्ये तार जोडणाराही ऐकत असतो, हे गुलाबनं तिला सांगितलं होतं. पुढं गावातल्या दुसऱ्या बायकाही त्या खोलीत बसून लेकींशी बोलायला लागल्या. बाकावरचे काही जण चिडले, पण महालिंगप्पांनी फोन परत बाहेर आणला नाही.

दीड वर्षानं गुलाबचा एक्स-रे स्वच्छ निघाला. अभ्यास पुरा करून ती घरी आली तेव्हा तिला स्थळ सांगून आलं. मुलगा लोहाऱ्याकडचा, प्राथमिक शाळेत मास्तर, घरचे लोक समजूतदार. हरणाबाईचा जीव भांड्यात पडला. पण गुलाब म्हणाली, "मी त्यांना टीबीचं सांगनार हाय."

"येडी का काय तू?" हरणाबाई उसळली. "एवढं जिवापाड झाकलं कशापायी मग?"

"लोकांपासून झाकलं, माय. ज्याच्यासंगं जन्म काढायचा त्येच्यापासून न्हाय. आन् सांगायचं तर मीच सांगनार, दुसऱ्याच्या तोंडून नको."

बघायचा कार्यक्रम झाल्यावर दोघं अंगणात लिंबाखाली बोलत उभी राहिली. हरणाबाई चुलीपाशी बसून आतून बघत होती. बोलणं ऐकू येत नव्हतं आणि तिनं ऐकायचा प्रयत्नही केला नाही. मास्तर मान खाली घालून ऐकत होता. मग त्यानं काहीतरी विचारलं, गुलाबनं मान हलवली आणि दोघं घराकडं वळली.

"काय इचारलं त्येनी?" मंडळी गेल्यावर हरणाबाईनं विचारलं.

"औषधं पुरी झाली का, इतकंच," गुलाब म्हणाली. "आन् म्हनले, त्यांच्या थोरल्या भावाला बी झाला व्हता. घरात कुणी बोलत न्हाय त्येच्यावर. पहिल्यांदाच कुणापाशी बोललो म्हनले."

हरणाबाईनं लेकीला जवळ ओढलं आणि तिच्या भरल्या पाठीवरून बराच वेळ हात फिरवत बसली. बुद्धविहारात लग्न लागलं त्या दिवशी श्रीपतीला शेजारच्यानं विचारलं, जावई कसा आहे. प्रश्न त्याला ऐकू गेला नाही, पण तो अंदाजानं मोठ्यानं म्हणाला, "लई चांगला हाय!" आणि सगळा मांडव हसला.