कोबाल्टची रेषा

फिटरकाका तेवीस वर्षं एकच यंत्र सांभाळत होते, फुटलेल्या ताऱ्यांचे गॅमा किरण मोजणारा स्पेक्ट्रोमीटर. हे किरण हवेतच अडतात, म्हणून तो भल्यामोठ्या फुग्याला टांगून उंच सोडत. आतला किरण टिपणारा जर्मेनियमचा स्फटिक सतत गार ठेवावा लागे, त्यामुळे काका सुट्टीच्या दिवशीही द्रव नायट्रोजन भरायला जात. बायको म्हणायची, "माझ्या आजारपणात एवढी धावपळ केली असतीत तर!"

त्या वर्षी एक तारा फुटला आणि काही महिन्यांनी फुगा उडाला. यंत्र खाली आलं, आलेख काढला, तर त्यात कोबाल्टच्या किरणांची ठळक रेषा. हिशेबाप्रमाणे ती इतक्या लवकर दिसायलाच नको होती. यंत्र तपासायला किरणोत्सारी कोबाल्टची एक गोळी वापरत, तिची रेषा मात्र नेमकी तिथेच यायची.

संस्थेच्या प्रमुखांनी काकांना सगळ्यांसमोर उभं केलं. "गोळी आत विसरलात?"

"नाही साहेब. शिशाच्या डब्यात आहे, बघा ना."

"नंतर गुपचूप डब्यात ठेवली असेल."

"साहेब, यंत्र ताऱ्याकडे वळलं की रेषा दिसते, बाजूला वळलं की जाते. गोळी आत असती तर सतत दिसली..."

"मग काय, आभाळातून पडली?"

सगळे हसले. काकाही कसनुसे हसले.

"बघा, लाजही नाही!" प्रमुख म्हणाले.

ठपक्याचं पत्र निघालं, आलेख चुकीचा ठरवून टाकून दिला. काकांना भांडारात स्क्रू वाटायला बसवलं. येणारा-जाणारा विचारी, "काका, गोळी घेतली का?" नायट्रोजनचं काम दुसऱ्याकडे गेलं आणि महिन्याभरात टाकी कोरडी पडून स्फटिक बिघडला. त्याचंही खापर काकांवरच, नीट शिकवलं नाही म्हणून.

आठ महिन्यांनी दुसऱ्या एका गटाने जाहीर केलं की त्यांच्या उपग्रहाला त्याच ताऱ्यात कोबाल्टची रेषा दिसली, अपेक्षेपेक्षा फार लवकर. प्रमुखांनी टाकून दिलेला आलेख बाहेर काढला, लेख छापला. त्यांचा सत्कार ठरला.

काका केबिनमध्ये गेले. "साहेब, आता ते पत्र मागे घ्याल ना? दोन महिन्यांत रिटायर होतोय."

"मागे घेतलं तर आपणच रेषा फेकून दिली होती हे उघड होईल. संस्थेची बदनामी करायचीय तुम्हाला?" प्रमुखांनी मान वर केली नाही. "आणि हो, सत्काराला खुर्च्या कमी पडतायत. भांडारातून पन्नास काढून द्या."

काकांनी काढून दिल्या. पुसूनही दिल्या.

"काय म्हणाले साहेब?" घरी बायकोने विचारलं.

"बघतो म्हणाले."

तिने लगेच मुलीला फोन लावला. "बाबांचं काम होतंय गं!" काका आत जाऊन पडून राहिले.