वर आल्यावर तीस आकडे

"मॅडम, आठ जणांचं पथक आहे. मग पाण्यात चारच का जातात?"

पथकाचं काम ज्यांच्याकडे होतं त्या सरकारी साहेबांनी हे तिसऱ्यांदा विचारलं, तेव्हा मी कमरेएवढ्या पाण्यात उभी होते आणि माझं लक्ष देवजीच्या पाठीवर होतं. मान न वळवता म्हटलं, "चार खाली जातात, चार त्यांच्यावर नजर ठेवतात."

"म्हणजे चार जण नुसते उभे."

"तेच जास्त काम करतायत, साहेब."

त्यांना हे उत्तर उद्धट वाटलं. वाटू दे. मी उद्धटपणेच दिलं होतं.

नव्वदचं दशक संपत आलं होतं. आमचा जिल्हा तेव्हा ठाणे होता. मी जव्हारची, शाळेत पीटी शिकवायचे आणि पोहण्यात राज्यपातळीपर्यंत जाऊन आले होते. मोखाड्याकडे दर पावसाळ्यात ओहोळ ओलांडताना कोणी ना कोणी वाहून जायचं आणि शोधायला बाहेरून माणसं येईपर्यंत दोन-दोन दिवस जायचे. म्हणून गावातल्याच पोहणाऱ्यांचं एक बचाव पथक करायचं ठरलं. मला वर्षाची ऑर्डर मिळाली, प्रशिक्षक म्हणून. पाठीवर लावायचे सिलेंडर आमच्याकडे नव्हतेच. तळ चाचपायचा तर श्वास रोखूनच. त्यालाच आम्ही 'ब्रेथ-होल्ड' म्हणायचो.

आठांतला सर्वांत पट्टीचा पोहणारा देवजी. पोशेऱ्याच्या बाजूच्या पाड्यावरचा, चाळिशी ओलांडलेला. वर्षभर भात-नाचणी करायचा आणि उन्हाळ्यात डोहात बुडी मारून कपारीतले मासे हातांनी धरायचा. त्याला मी पोहायला काय शिकवणार? पण बुडी मारण्याआधी तो वीस-पंचवीस श्वास भराभर घ्यायचा, भाता मारल्यासारखे.

"देवजीभाऊ, हे बंद करा."

"बाई, दम भरून घेतो. मंग जास्त वेळ राहाता येतं."

"दम भरत नाही. उलट गजर बंद होतो."

त्यांना समजावलं ते असं. श्वास रोखला की जीव कासावीस होतो, तो हवा संपली म्हणून नव्हे. शरीरात वाईट वायू साठतो, कार्बन डायऑक्साइड, तो आतून ओरडतो की वर चल. भराभर श्वास घेतले की हा वायू आधीच बाहेर जातो. प्राणवायू मात्र होता तेवढाच राहतो. मग तो संपत आला तरी आतून कोणी ओरडत नाही. माणसाला वाटतं अजून राहीन, आणि दिवा विझावा तशी शुद्ध जाते. हा ब्लॅकआउट. दुखत नाही, खुपत नाही, आधी कळतही नाही.

"घरात चोर शिरला की कुत्रा भुंकतो ना?" मी म्हटलं. "तुम्ही कुत्र्याचं तोंड बांधून ठेवता आणि म्हणता, आज चोर आलाच नाही."

सगळे हसले. देवजी हसला नाही. पटलंही नाही त्याला.

म्हणून दुसरा नियम, जोडीदाराचा. खाली जाणाऱ्याच्या हाताच्या अंतरावर एक जण उभा राहणार आणि दुसरीकडे कुठेही बघणार नाही. देवजीचा जोडीदार त्याचाच मेहुणा, काशिनाथ. शांत, तिशीचा गडी. पण दोन दिवस मी पाहिलं, देवजी खाली गेला की काशिनाथ हळूच चार पावलं मागे सरकायचा. बाकीचे तिघेही तसेच. माझं डोकं फिरलं.

"अरे, पळताय कुठे? तो बुडाला तर तिथून हात पोचणार आहे का तुझा?"

काशिनाथ खाली मान घालून म्हणाला, "बाई, सावली पडते ना."

मग कळलं. डोहावर मासे धरायला जातात तेव्हा वर थांबणाऱ्याने पाण्यावर सावली पाडायची नसते. सावली दिसली की मासा कपारीत आत शिरतो. लहानपणापासून अंगात मुरलेली सवय. मासा पळू नये म्हणून ही माणसं आपल्याच माणसापासून लांब उभी राहत होती!

"इथे मासे नाहीत," मी सांगितलं. "तुझी सावली दाजींच्या पाठीवर पडली पाहिजे. ती हलली की मी तुला पाण्याबाहेर काढीन."

तिसरा नियम त्यांना सर्वांत विचित्र वाटला. खालचा वर आला तरी जोडीदाराने तीस आकडे मोजायचे, तोंडाकडे बघत. वर येऊन घेतलेला श्वास डोक्यापर्यंत पोचायला वेळ लागतो. त्या मधल्या वेळात हसता-बोलता माणूस शुद्ध हरपून पुन्हा खाली जातो. काशिनाथला वीसच्या पुढे आकडे नीट येत नव्हते. त्याने दहा-दहाचे तीन फेरे केले, बोटं दुमडून.

महिन्याभराने साहेबांनी बंधाऱ्यावर कार्यक्रम ठरवला. ठाण्याहून मोठे पाहुणे, मांडव, बँड, माईक. मला बोलावून म्हणाले, "आठही जण एकदम बुडी मारतील. जो शेवटी वर येईल त्याला बक्षीस."

"नाही."

"नाही म्हणजे?"

"म्हणजे होणार नाही. श्वास रोखायची शर्यत लावली की शेवटी वर येणारा कदाचित येणारच नाही."

"मॅडम, कार्यक्रम मी ठरवतो. तुमची पुढची ऑर्डरही माझ्याच टेबलावरून जाते."

"मग लेखी द्या. जोडीदाराशिवाय उतरवा, जबाबदारी माझी, असं लिहून सही करा. आत्ता उतरवते."

साहेबांनी पेन खिशातच ठेवलं. अशा वेळी पेन कधी बाहेर येत नाही, हा माझा अनुभव आहे. शर्यत रद्द झाली. मला वाटलं, जिंकले. कसलं काय!

कार्यक्रमाच्या दिवशी जोड्यांचं प्रात्यक्षिक नीट पार पडलं. मग साहेबांनी थेट माईकवरूनच हाक मारली, "देवजी! दाखव पाहुण्यांना, आपला माणूस किती वेळ राहतो!"

बँड वाजला. देवजीची छाती फुगली. मी काठावरून ओरडले, "देवजीभाऊ, नाही!" पण तो पाण्यात शिरला होता आणि भराभर श्वास घेत होता. त्याची बायको बुधी माझ्याशेजारी उभी होती. तिने माझा दंड घट्ट धरला.

"काशिनाथ, उतर!" मी म्हटलं, आणि मीही साडीसकट उतरले.

देवजी तळाचा दगड धरून बसला. पाणी छातीएवढंच होतं. काशिनाथ त्याच्या डोक्याशी उभा राहिला.

माईक म्हणाला, "ए, तू बाजूला हो जरा. फोटो काढायचाय. पाहुण्यांना दिसू दे."

काशिनाथने माझ्याकडे पाहिलं. जन्मात त्याने कुठल्या साहेबाला नाही म्हटलं नव्हतं.

"माझ्याकडे नको बघू. खाली बघ!"

तो हलला नाही. माईक पुन्हा ओरडला, या वेळी चिडून. काशिनाथ तिथेच रुतून उभा. मला त्या क्षणी त्याच्या पाया पडावंसं वाटलं.

देवजी वर आला तेव्हा लोक उभे राहिले होते. त्याने हात उंचावला, हसला. टाळ्या, बँड, शिट्ट्या. साहेब पाहुण्यांकडे वळून काही सांगत होते. सगळ्या बंधाऱ्यावर एकट्या काशिनाथचे ओठ हलत होते. तो मोजत होता.

पहिला दहाचा फेरा पूर्ण झाला नव्हता. देवजीचे ओठ काळेनिळे झाले. डोळे उघडेच, पण त्यांत कोणी नव्हतं. मान पुढे पडली आणि तो आवाज न करता पाण्यात गेला.

पुरता गेलाही नाही. काशिनाथचे दोन्ही हात आधीच त्याच्या काखेत होते. तोंड पाण्यावर, हनुवटी वर, गालावर चापट्या, चेहऱ्यावर फुंकर. "दाजी, दम घ्या! दाजी, दम घ्या!" मी पोचले तेव्हा देवजीने घरघरत पहिला श्वास घेतला होता. काठावर बुधीने टाहो फोडला.

आणि लोकांनी टाळ्या वाजवल्या. आधीपेक्षा जोरात. माईक म्हणाला, "आत्ताच आपण बचावाचं थरारक प्रात्यक्षिक पाहिलंत!"

मी ओल्या साडीत थेट मांडवात गेले आणि पाहुण्यांसमोर म्हटलं, "प्रात्यक्षिक नव्हतं. तो माणूस मरत होता. ज्याला तुम्ही बाजूला व्हायला सांगितलंत त्याने वाचवला." माईक चालू होता. मला माहीत होतं.

देवजीला आम्ही दवाखान्यात नेलं. शुद्ध गेली हेच तो मानायला तयार नव्हता. हात उंचावलेलाही त्याला आठवत नव्हता. "मी कुठं पडलो? काशा उगीच झोंबला मना." तेव्हा बुधी त्याच्यावर अशी काही तुटून पडली की डॉक्टर बाहेर जाऊन उभे राहिले. "तू मेला व्हतास तिथं! मी बघलाय! परत तसा भाता मारलास तं मीच बुडवीन तुला!" त्या दिवसापासून देवजीने भराभर श्वास घेणं सोडलं. माझ्या कार्बन डायऑक्साइडने जे झालं नाही ते तिने केलं.

दुसऱ्या दिवशी साहेबांनी अहवाल मागितला. 'पूर्वनियोजित प्रात्यक्षिक' असं लिहा म्हणाले. मी 'ब्लॅकआउट' लिहिलं आणि कारणही लिहिलं. पुढच्या वर्षी माझी ऑर्डर निघाली नाही. वाईट वाटलं का? वाटलं. चार दिवस जेवण गेलं नाही. पण पुन्हा लिहायची वेळ आली तर तेच लिहीन.

माझ्या जागी ठाण्याचा एक तरुण प्रशिक्षक आला. तगडा, गुणी मुलगा. एक दिवस माझं घर शोधत जव्हारला आला. बुडी कशी मारायची ते दाखवायला तो एकटाच पाण्यात निघाला, तर देवजीने त्याचं मनगट धरून ठेवलं होतं म्हणे. जोडीदार मिळेपर्यंत सोडलंच नाही.

"मॅडम, तो मला म्हणाला, सर, तुमची सावली कोन धरनार? याचा अर्थ काय?"

मी त्याला चहा दिला आणि सगळं समजावून सांगितलं. ऑर्डर बंद करायला एक सही पुरते. शिकवलेलं बंद करायचा फॉर्म कुठल्या टेबलावर मिळतो, ते अजून कोणाला सापडलेलं नाही.